तवा घेऊन गेले

मधल्या मारुतीपाशी हत्तुऱ्यांचं दुकान.
पिशवीतून तवा काढला, काउंटरवर ठेवला,
शेजारी चार तुराट्या, बाभळीचं एक फाटं,
शेळगीच्या वखारीत मिळतं तसंच, गाठीचं.
पोरगा म्हणाला, मावशी, तवा आमच्याकडं पण हाय की.
असेल.
तुझा तवा माझी भाकरी ओळखत नाही.

त्यानं तीन चुली मांडल्या.
एक बिडाची, पोटात विटा, मागं धुराडं.
एक पत्र्याची, बादलीएवढी, कानाला धरून उचलायची.
तिसरीला खाली पंखा.
बटण दाबलं की घरघर, मोबाइलच्या चार्जरवर चालते.
हिला लाकूड निम्मं लागतं, पोरगा म्हणाला.
आणि धूर?
धूर ती स्वतःच जाळते.
परत सांग.
वर ही भोकं हायत ना मावशी,
तिथनं हवा येते, धूर पेट घेतो.

म्हणजे एकतीस वर्षं मी जो गिळला
ते जळण होतं.

उन्हाळ्यात डॉक्टरीणबाईंनी
छातीचा फोटो खिडकीला लावून विचारलं होतं,
विडी ओढता?
नाही ओ. शेजारची नरसूबाई वळते, दिवसाला हजार.
ओढत ती पण नाही.
मी भाकऱ्या करते. कडक. रोज दीडशे.
पुणे रोडच्या दोन हॉटेलांत जातात,
महिनाभर टिकतात,
दाताखाली पापडासारख्या मोडतात.
त्यांनी फोटो पाकिटात घातला.
खोकला किती दिवस, ते लिहून घेतलं.

पोरगा कार्ड दाखवत होता,
किती टक्के, किती किलो, किती मिनिटं.
मी विचारलं, भाकरी उभी कुठं करू?
तो बघतच राहिला.
अरे, तव्यावरनं उतरली की
निखाऱ्यापुढं उभी करायची, फुगेपर्यंत.
मग आवाजावर, कडेला, ओळीनं,
पाणी सुटून वाजायला लागेस्तोवर.
पंखेवालीत निखारा कुठं धरतो?
आतून म्हातारे हत्तुरे आले, चष्मा कपाळावर.
तव्यावर बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं.
पोराला म्हणाले, त्या खरं बोलतात.
ह्यात निखारा राहत नाही. सगळं खाऊन टाकते.

मी बिडाची घेतली.
लाकूड तिला पंखेवालीपेक्षा जास्त लागणार, माहीत आहे.
पण तिला तोंड आहे, ओठ आहे,
चार भाकऱ्या टेकतील एवढा.
भिशीचे साडेचार हजार दोनदा मोजले.
रिक्षात ती माझ्या पायाशी बसली,
सासरी निघालेल्या पोरीसारखी गप्प.

इरण्णानं पत्र्याला गोल भोक पाडलं,
धुराडं वर काढलं.
दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडनं नरसूबाई:
तुझा खोकला बरा झाला गं,
आता माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यांना लागलाय!
इरण्णा परत वर चढला, दोन फूट नळी जोडली.
वाऱ्याच्या दिवशी ती अजून बडबडते.

पहिल्या घाण्याला अकरा भाकऱ्या करपल्या.
आच कुठं लपते ते हाताला कळायला आठवडा गेला.
आता दीडशे होतात, फाटी उरतात.
भिंत चुन्यानं पांढरी केली.
तिच्यापुढं बसताना
पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखं वाटतं.

परवा अक्कलकोटवरनं भावाचा फोन आला,
आक्का गेली म्हणून.
पीठ मळता मळता डोळे भरले.
इरण्णानं लगेच विचारलं, काय झालं?
इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं.
धूर होता ना.
आता रडायचं तर सांगून रडावं लागेल.

मातीची चूल फोडली नाही.
न्हाणीच्या कोपऱ्यात तशीच आहे, थंड.
मांजर रोज रात्री तिच्या राखेत जाऊन बसतं,
थोड्या वेळानं उठतं,
नव्या चुलीभोवती एक चक्कर मारतं,
बिडाला नाक लावतं,
आणि परत जुनीत.